लाल दिवा आणि दोन वाट्या

मावशीला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "चाळीत कळेल का गं?" बरं होईल का, किती दिवस लागतील, हे सगळं नंतर. लालबागच्या त्या चाळीत तिची जवळजवळ पन्नास वर्षं गेली. शेजारच्या खोलीत आज बोंबील आहेत की सुकट, हे तिथं फोडणीच्या वासावरून कळतं. अशा ठिकाणी गोळ्यांची पाकिटं लपवायची म्हणजे कुठं लपवायची? तिनं ती पिठाच्या डब्यामागं ठेवली. कुणी विचारलं तर "थंडीचा खोकला धरलाय" एवढंच सांगायचं, असं आमच्या दोघींत ठरलं.

औषधं पालिकेच्या दवाखान्यातून फुकट मिळत होती. सहा महिने रोज घ्यायची. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल अशी चार औषधं एकाच गोळीत, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हे सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या दिवशी ती घाबरली. मळमळ तर सकाळपासून. जेवणावरची वासनाच उडाली. सासूच्या हाताखाली राहून या बाईनं गिरणी कामगारांची खाणावळ चालवली होती. दोन्ही वेळचं मिळून पन्नासाच्या वर पान उठायचं. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि जेवणारी माणसं एकेक करून गावाकडे परतली, तोवर तिच्या चुलीला विश्रांती माहीत नव्हती. तीच मावशी आता ताटासमोर बसून वरणभात नुसता चिवडत राहायची. मला ते बघवत नसे.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तिला एका यंत्राबद्दल सांगितलं. हेतू चांगला होता. तिचा खोकला त्यांनाही ऐकू जात होता. एक छोटी डबी, तिला वायरनं जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्या. नळ्यांना ओला कागद गुंडाळायचा आणि दोन हातांत धरून बसायचं. ७ मिनिटं धरायच्या, २० मिनिटं थांबायचं, असं तीन वेळा. अंगातले सगळे जंतू, कृमी मरून जातात. किंमत काही हजार. मावशी पोस्टातले पैसे काढायला निघाली होती.

मी फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब सांभाळते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण त्या रात्री मी त्या यंत्राची माहिती शोधली आणि त्याची आकृतीच हाती लागली. एक आयसी म्हणजे चिप, विजेला अडवणारे चार-पाच रेझिस्टर, वीज साठवणारे दोन कपॅसिटर, एक लाल एलईडी दिवा, एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. बस्स. एवढ्यासाठी मावशीचे हजारो रुपये जाऊ द्यायचे नाहीत, आपणच बनवून द्यायचं, असं मी ठरवलं. पैसे वाचवण्याचं कारण खरं होतं. पण मलाही आत कुठंतरी वाटत होतं की यात काही असेल तर? गोळ्या चालू आहेतच, हे वरून. अपाय तर नाही ना!

ही आकृती हुल्डा क्लार्क या बाईंची. जन्म कॅनडातला, १९२८चा. डॉक्टरेट अमेरिकेत घेतली आणि पुढे मेक्सिकोत तिहुआना इथं उपचारकेंद्र चालवलं. सगळे आजार कृमी आणि प्रदूषकांमुळे होतात आणि ठरावीक कंपनांच्या विजेनं कृमी मरतात, असा त्यांचा दावा. असं यंत्र विकणाऱ्या काही जणांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ साली खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली. बाई स्वतः २००९ मध्ये गेल्या. त्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर झाला होता. हे वाचून मला कसलाही आनंद झाला नाही. उलट वाटलं की त्यांचा स्वतःचा यावर विश्वास असेल, आणि तो शेवटपर्यंत टिकला असेल.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी ग्रँट रोडला उतरले आणि पूर्वेकडून लॅमिंग्टन रोडवर गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण तिथल्या धंद्यात सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. त्या गल्ल्यांत मी आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. फळीएवढ्या रुंद दुकानात भिंतभर खण, प्रत्येक खणावर आकडे. "मॅडम, रेझिस्टर क्वार्टर वॉट दूँ के हाफ वॉट?" या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आकृतीचा कागद पुढे केला. दुकानदारानं तो चष्मा वर करून पाहिला आणि काही न बोलता एकेक वस्तू काचेवर ठेवत गेला. ५५५ आयसी, तिचा बेस, ४७२ लिहिलेला चपटा सिरॅमिक कपॅसिटर, १०३ लिहिलेला दुसरा. मग म्हणाला, "बेस में ही लगाना, डायरेक्ट सोल्डर मत करना. पहली बार है ना?" हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं की मला धीर आला. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, वितळवून जोड द्यायची सोल्डर वायर आणि व्होल्ट मोजायचा एक पिवळा मल्टिमीटरही घेतला. तांब्याची नळी तिथं मिळाली नाही. त्यासाठी पुढच्या शनिवारी पायधुणीजवळ तांबाकाट्याला गेले. पाऊण इंची नळीचे हाताच्या मुठीत मावतील असे दोन तुकडे कापून घेतले.

त्या ५५५ आयसीबद्दल मला खरंच सांगावंसं वाटतं. हान्स कामेन्झिंड नावाच्या स्वीस अभियंत्यानं १९७१ साली सिग्नेटिक्स या कंपनीसाठी तिचा आराखडा केला आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. नखाएवढ्या त्या काळ्या तुकड्याच्या आत पाच-पाच हजार ओहमचे तीन रेझिस्टर एकाखाली एक आहेत. त्यामुळे बॅटरीच्या दाबाचे तीन सारखे भाग पडतात. बाहेरचा कपॅसिटर हळूहळू भरत जातो. दोन-तृतीयांश भरला की आयसी म्हणते, पुरे, आणि त्याला रिकामा करायला लागते. एक-तृतीयांशावर आला की पुन्हा भरायला सोडते. भरणं आणि रिकामं होणं, एवढंच. आमच्याकडे पूर्वी सार्वजनिक नळाला पाणी यायचं तेव्हा पिंप असंच भरायचं आणि असंच उपसायचं. कपॅसिटर मोठा घेतला तर दिवा सावकाश लुकलुकतो. माझा कपॅसिटर इतका लहान होता की हे सगळं सेकंदाला ३० हजारांवर वेळा होत होतं. सूत्र मांडून पाहिलं: १ हजार आणि ३.९ हजार ओहमचे रेझिस्टर, ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. उत्तर आलं ३४,८००च्या आसपास. दिवसभर हिशेब करणाऱ्या मला तो आकडा कागदावर उतरताना वेगळंच समाधान झालं.

पहिला प्रयत्न फसला. आयसीच्या एका टोकाला असलेली खाच डावीकडे धरून पाय मोजायचे असतात. मी ती उलटी बसवली. बोट लावलं तर चटका बसला. दुसरी आयसी लावली, तरी दिवा लागेना. दोन रात्री शोधलं. अखेर सापडलं: सहाव्या आणि दुसऱ्या पायाच्या जोडावर सोल्डर वरवर चकाकत होतं, पण आत धरलं नव्हतं. त्याला सुका जोड म्हणतात, हे चाळीखालच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं. "आधी जागा तापव, मग वायर लाव. वायर आयर्नला नाही, जागेला लागली पाहिजे." तसं केलं. बॅटरी जोडली. लाल दिवा लागला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून त्या दिव्याकडे बघत होते. माझ्या हातानं केलेली एखादी वस्तू अशी पहिल्यांदाच जिवंत झाली होती.

मल्टिमीटर लावला तर ९ऐवजी जेमतेम सव्वाचार व्होल्ट. बॅटरी उतरली म्हणून नवी आणली, तरी तेच. काकांनी आपल्या जुन्या सीआरओवर, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, लावून दाखवलं. हिरव्या पडद्यावर चौकोनी लाटा उभ्या राहिल्या, गडाच्या तटाच्या चर्या असाव्यात तशा. वर साडेसात व्होल्ट, खाली शून्य. निम्म्याहून थोडा जास्त वेळ वर. मीटर या सगळ्याची सरासरी दाखवत होता. बॅटरी ठणठणीत होती, मलाच वाचता येत नव्हतं. काका म्हणाले, "लाट छान आलीये. पण हे करायचंय काय तुला?" मी सांगितलं. ते पडद्याकडे बघत राहिले. "बॅटरीवरच वापर. अडॅप्टर लावून भिंतीतल्या विजेवर कधीही नाही. आणि छातीत पेसमेकर असलेल्या माणसाच्या हातात द्यायचं नाही." एवढंच बोलले.

मावशीला ते फार आवडलं. मी साबणाच्या प्लॅस्टिक डबीत सगळं नीट बसवलं होतं. दिवा वर डोकावत होता. सकाळी गोळ्या घेऊन ती दार लोटायची आणि नळ्या धरून बसायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी विसरणार नाही. गोळ्या घेताना ती रोगी असायची. नळ्या धरताना ती काहीतरी करणारी बाई असायची. पाठ सरळ, डोळे घड्याळावर. पूर्वी भात उतरवायच्या वेळी ती अशीच बघायची.

सहाव्या आठवड्यात खोकला बराच कमी झाला. वजन दीड किलोनं वाढलं. ताटातली भाकरी संपू लागली. आणि एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "तुझ्या यंत्रानं गुण दिला बघ. आता त्या गोळ्या बंद करते. पोटाला सोसत नाहीत."

माझ्या पोटात गोळा आला.

यंत्र विकत आणलेलं असतं तर विकणाऱ्याकडे बोट दाखवता आलं असतं. हे मी बनवलं होतं. दिवाही मीच लावला होता. गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांतच क्षयाच्या रुग्णाला बरं वाटू लागतं, हे सिस्टरनी सांगितलेलं मला आठवत होतं. आणि नेमकं तेव्हाच लोक औषध सोडतात. उरलेले जंतू मग औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढचा आजार पहिल्याहून कठीण. हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण गुण आलेला तिनं स्वतः अनुभवला होता. त्यापुढे माझं बोलणं कोरडं होतं.

मग मी रात्री हिशेबाला बसले. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत साधारण दीड मीटर अंतर. त्यावर साडेसात व्होल्ट पसरायचे, त्यातलाही बराचसा भाग कातडीच खाते. क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे दोन-चार भाग. भागाकार केला. त्याच्या वाट्याला एका व्होल्टच्या लाखाव्या भागाचे फार तर एक-दोन भाग येतात. विजेनं जंतू मारता येतात हे खरं आहे. फळांचा रस टिकवण्यासाठी कारखान्यांत ते करतात, पण तिथं दर सेंटिमीटरला हजारो व्होल्टचे झटके देतात. माझ्या डबीत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी बॅटरी होती.

वीज आणि औषध यांचं वैर नाही, हेही मला माहीत होतं. वडिलांची कंबर धरली तेव्हा फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्यांना टेन्स यंत्र लावलं होतं. ते मज्जातंतूंना हलकेच चाळवतं आणि वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत कमी पोचते. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या विचारावर ते उभं आहे. पेसमेकर तर १९५८पासून माणसांच्या छातीत बसवले जातायत. त्या प्रत्येकात वीज नेमकी कुठं जाते आणि काय करते, हे मोजलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आल्बर्ट अब्राम्स नावाच्या डॉक्टरनं रोग बरे करणारी यंत्रं भाड्यानं दिली होती, आणि भाडेकरूनं खोकं उघडायचं नाही अशी अट घातली होती. मी मात्र माझ्या खोक्याचा प्रत्येक जोड स्वतः दिला होता. आत काय आहे हे मला ठाऊक नाही, असं म्हणायची सोयच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच लालबागला गेले. मावशीनं माझा भागाकार शांतपणे ऐकला आणि विचारलं, "मग दिवा का लागतो?"

"नळ्या खाली ठेव," मी म्हटलं.

तिनं त्या पाटावर ठेवल्या. दिवा लागलेलाच होता. तितकाच लाल. ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या मनात तो दिवा म्हणजे जंतू मरत असल्याची खूण होती. तो फक्त बॅटरी आणि आयसी चालू असल्याचं सांगत होता. हातात कुणी आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

"तरी पण," ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं मला पटलं. दिवा काही सांगत नाही म्हणजे आत काही होत नाही, असं सिद्ध होत नाही. मग काय करावं? मला तिच्याच फडताळात उत्तर दिसलं. विरजणाची वाटी.

दह्यातही जंतूच असतात. तेच दुधाचं दही करतात. यंत्र जंतू मारत असेल तर दही लागायला नको. मावशीला हे सांगितलं आणि तिचे डोळे चमकले. हा तिचा प्रांत होता. तिनं एकाच भांड्यात दूध तापवलं, बोट सोसेल इतकं कोमट केलं, विरजण घालून नीट घुसळलं आणि दोन सारख्या वाट्यांत अर्धं अर्धं ओतलं. दोन्ही वाट्यांत दोन-दोन स्टीलचे चमचे उभे केले. तांब्याच्या नळ्या मी मुद्दाम टाळल्या. आंबट पदार्थात तांबं उतरतं, आणि तांबं स्वतःच जंतूंना मारक असतं. मग निकाल कुणाचा ते कळलं नसतं. एका वाटीतल्या चमच्यांना चिमटे लावले. ७ मिनिटं, २० मिनिटं थांबून पुन्हा ७, पुन्हा ७. घड्याळ मावशीनं सांभाळलं. मधे मीटर लावून पाहिला. हातांतून जात होती त्याहून जास्त वीज दुधातून जात होती. मग चिमटे काढले, तिला गॅलरीत पाठवलं, वाट्यांची जागा बदलली आणि यंत्राच्या वाटीखाली दोरा बांधला. रात्री झाकून ठेवल्या. मी तिथंच झोपले.

सकाळी तिनं दोन्ही वाट्या तिरप्या करून पाहिल्या. दोन्हींतलं दही हललं नाही. वास घेतला. चमच्यानं कापून पाहिलं. चाखायचं नाही असं मी बजावलं होतं. "कुठलं ते सांग," मी म्हटलं. तिनं पुन्हा कापलं, पुन्हा वास घेतला. तीस-चाळीस वर्षं रोज दही लावलेली बाई. शेवटी चमचा खाली ठेवून म्हणाली, "दोन्ही एकच आहेत गं."

दह्याचे जंतू वेगळे आणि क्षयाचे वेगळे, हे मला कळतं. एका रात्रीच्या दोन वाट्या म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पण दुधात थेट चमचे बुडवूनही जे मेले नाहीत, तसले जीव हाडामांसाच्या आत फुप्फुसात लपून बसलेले असताना त्या विजेनं मरतील, असं मानायला आता मावशीही तयार नव्हती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. दही तिनं लावलं होतं.

"मग मला बरं कशानं वाटलं?"

तिच्या या प्रश्नासाठी आम्ही दोघी त्याच दिवशी दवाखान्यात गेलो. सिस्टरनी गर्दीतही वेळ काढला. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला १५ ते २० तास लागतात, आणि त्याच्या अंगावर मेणासारखं कवच असतं. जे जंतू वाढत असतात ते गोळ्यांनी लवकर मरतात, म्हणून काही आठवड्यांत हुशारी वाटते. पण काही नुसते पडून राहतात. खात नाहीत, वाढत नाहीत, मरतही नाहीत. त्यांच्यासाठी पुढचे महिने.

मावशी पटकन म्हणाली, "म्हणजे गणंग."

सिस्टर विदर्भातल्या असाव्यात, त्यांना कळलं नाही. मावशीनं समजावलं. मटकी भिजत घातली की सगळी फुगते, मोड येतात, पण चार दाणे तसेच टणक राहतात. उसळ शिजली असं वाटतं आणि नेमका तोच दाणा दाताखाली येतो. "पन्नास माणसांच्या उसळीत एक गणंग राहिला तरी एखाद्याचा दात जायचा. म्हणून मी उसळ शिजली तरी उतरवत नव्हते, अजून मंद आचेवर ठेवायची." सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या की उद्यापासून मी सगळ्यांना हेच सांगते.

मळमळीची तक्रार मावशीनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट मांडली. तोवर ती सोसत होती, आणि सोसवेना तेव्हा सरळ सोडून द्यायला निघाली होती. डॉक्टरांनी तपासून, रक्त पाहून, गोळ्या कधी आणि कशा घ्यायच्या ते बदलून दिलं. बराच फरक पडला. हे विचारायला इतके दिवस का लागले, याचं उत्तर बहुधा पिठाच्या डब्यामागं होतं.

गोळ्यांची पाकिटं त्यानंतर देवाच्या फळीवर आली. चाळीत कळलं. दोन घरांनी येणं-जाणं कमी केलं, ते तिला लागलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मात्र येऊन बसले आणि म्हणाले की मलाही दोन महिने खोकला आहे. मावशीनं त्यांना यंत्र दिलं नाही. थुंकी तपासायची वेळ सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर गेली.

सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं. मटकीची उसळ होती. निघताना तिनं कागदात गुंडाळलेल्या नळ्या हातात दिल्या. ओल्या कागदानं त्यांच्यावर हिरवट काळे डाग पडले होते. तिनं चिंच लावून त्या लखलखीत घासल्या होत्या. "तांबं आहे," ती म्हणाली. "तांबाकाट्याला देऊन ये, वजनावर घेतील."